कळ आधी, रक्त नंतर: मोठ्या आतड्याला रक्त कमी पडलं तर कसं ओळखायचं आणि काय करायचं

मे महिन्याचे दिवस. घरातल्या आजी बहात्तर वर्षांच्या. बीपीची गोळी कित्येक वर्षं चालू, पायांवर सूज येते म्हणून सकाळी एक ‘पाण्याची गोळी’. दोन दिवस पोट बिघडलेलं, त्यात एकादशी आली, म्हणून दिवसभरात थोडा साबुदाणा आणि दोन कप चहा एवढंच. पहाटे चारला पोटाच्या डाव्या बाजूला मुरडून कळ येते आणि पाठोपाठ संडासची घाई. दोन-तीन खेपा होतात. सातच्या सुमारास लालभडक रक्त पडलेलं दिसतं. सून घाबरते. आजी म्हणतात, “उष्णता झाली असेल गं. जुनी मूळव्याध आहेच माझी.” शेजारून कुणी भिजवलेला सब्जा आणून देतं, मेडिकलवाला जुलाब बंद करायची गोळी देतो आणि दिवस तसाच जातो.

या आजी मी कल्पनेतून उभ्या केल्या आहेत, पण त्यांच्या कहाणीतली एकेक गोष्ट मुद्दाम निवडली आहे. वय, पाण्याची गोळी, जुलाब, उपास, डावीकडची कळ, आणि कळ आधी, रक्त नंतर हा क्रम. मोठ्या आतड्याचा रक्तपुरवठा कमी पडून त्याचं अस्तर सोलवटतं, त्या दुखण्याचं हे नेहमीचं रूप. डॉक्टर त्याला ‘इस्किमिक कोलायटिस’ म्हणतात. आतड्याला रक्त कमी पडण्याचे जे प्रकार आहेत त्यांत हा सर्वांत जास्त आढळतो. साठीपुढच्यांत तो जास्त दिसतो, त्यातही बायकांमध्ये. बहुतेकांचं दुखणं सलाइन आणि विश्रांतीवर बरं होतं. थोड्यांचं आतडं काळं पडतं आणि तिथे तासातासाला किंमत असते. पहिल्या दिवशी आपला रुग्ण कोणत्या गटात जाणार हे घरी बसून कळत नाही, म्हणून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आधी आतमध्ये काय होतं ते समजून घ्या

मोठ्या आतड्याला मुख्यतः दोन धमन्यांतून रक्त मिळतं. वरची धमनी उजव्या बाजूला आणि आडव्या भागाच्या बऱ्याचशा लांबीला पुरवते, खालची डाव्या बाजूला. कालव्याखाली शेती करणाऱ्याला ही रचना लगेच कळेल. दोन कालवे दोन बाजूंनी येतात आणि दोघांची शेपटं जिथे भेटतात तिथल्या शेताला दोन्हीकडून पाणी मिळायला हवं. प्रत्यक्षात आवर्तन कमी सुटलं की आधी तेच शेत सुकतं. मोठ्या आतड्यात अशा दोन जागा आहेत. एक डाव्या बरगड्यांखाली, प्लीहेजवळच्या वळणावर. दुसरी खाली, जिथे आतडं गुदाशयाला मिळतं तिथे. कळ बहुधा डावीकडे का येते, याचं उत्तर यात आहे. गुदाशयाला मात्र कमरेतल्या धमन्यांचा तिसरा पाट असतो, त्यामुळे तो सहसा वाचतो.

शरीरात पाणी किंवा रक्तदाब कमी झाला की मेंदू, हृदय यांना रक्त पुरवण्यासाठी शरीर आतड्याचा वाटा कापतं. आतड्याच्या अगदी आतल्या अस्तराला रक्ताची गरज जास्त, म्हणून पहिला मार तिथे बसतो. अस्तर सुजतं, सोलतं आणि रक्त झिरपतं. कपात थोड्या वेळाची असली तर अस्तर पुन्हा भरून येतं. लांबली तर इजा स्नायूच्या थरापर्यंत उतरते.

इथे नातेवाइकांचा एक ठरलेला प्रश्न असतो: “डॉक्टर, ब्लॉकेज कुठे आहे?” हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी असते, तशी इथेही असणार असं आपण धरून चालतो. पण बहुतेक वेळा मोठ्या धमनीत काहीच अडकलेलं नसतं. पाणी कमी सुटलं होतं, नंतर पुन्हा सुरू झालं, आणि तपासणीच्या वेळी कालवा मोकळाच दिसतो. म्हणून या रुग्णांना अँजिओप्लास्टी किंवा गुठळी विरघळवणारी इंजेक्शनं सहसा लागत नाहीत. अमेरिकेतले सर्जन स्कॉट बोली यांनी 1963 साली आतड्याच्या अशा परतणाऱ्या इजेचं वर्णन केलं आणि 1966 साली इंग्लंडच्या एड्रियन मार्स्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला आजचं नाव दिलं. त्याआधी असे रुग्ण आव, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला दीर्घकाळ सूज आणि व्रण येण्याचा वेगळा आजार) अशा नावांखाली खपून जात. आपल्याकडे ते अजूनही मूळव्याधीच्या नावाखाली खपतात.

पहिली पायरी: क्रम ओळखा

आधी अचानक पेटके येतात, बहुधा डावीकडे. मग शौचाची अनावर घाई. मग, साधारण चोवीस तासांच्या आत, शौचात मिसळलेलं लाल किंवा जांभळट रक्त. रक्त दिसायला भयंकर असलं तरी सहसा थोडं असतं. रक्त चढवायची वेळ क्वचित येते. बाटलीभर रक्त वाहत असेल आणि पोट मुळीच दुखत नसेल, तर दुसरं कारण शोधायला हवं.

आता मूळव्याधीशी तुलना करू, कारण गफलत इथेच होते. मूळव्याधीचं रक्त शौचाच्या शेवटी ठिबकतं किंवा पिचकारीसारखं उडतं, शौचापासून वेगळं दिसतं आणि पोटात कळ नसते. गुदद्वाराला चीर पडली असेल तर शौच करताना सुरी फिरवल्यासारखी आग होते, पण तीही खालीच. पोटात मुरडा आणि शौचात मिसळलेलं रक्त अशी जोडी असेल तर जुनी मूळव्याध असूनही ती बाजूला ठेवा. एका माणसाला दोन आजार असू शकतात.

आवेशी फरक करणं जास्त अवघड. जंतूंच्या किंवा अमिबाच्या आवेतही मुरडा, शेम आणि रक्त असतं. ताप असेल, घरात आणखी कुणाला जुलाब असतील, बाहेरचं खाणं किंवा पाणी पोटात गेलं असेल तर आवेकडे कल जातो. पण साठीच्या पुढच्या, बीपी-हृदयाच्या माणसाला ‘आव असेल’ म्हणून आठवडाभर गोळ्या देत बसणं मला अजिबात पटत नाही. शौचाच्या तपासणीने आणि सीटीने जे एका दिवसात कळतं, त्यासाठी आठवडा घालवायचा कशाला? आठवडे-महिने चाललेलं रक्त, वजन उतरणं, शौचाची सवय बदलणं, अंगातलं रक्त कमी होणं, ही गोष्ट वेगळीच. तिथे कर्करोग, आतड्याचा क्षयरोग, अल्सरेटिव्ह कोलायटिस यांचा शोध घ्यावा लागतो, आणि तोही टाळायचा नसतो.

थोडं विषयांतर: आदल्या रात्री बिटाची कोशिंबीर खाल्ली असेल तर शौच लाल दिसतं, आणि लोहाच्या गोळ्यांनी काळं. घाबरायच्या आधी ताट आठवून बघा. पण सोबत कळ असेल तर बिटावर ढकलू नका.

सगळ्यात फसवं रूप उजव्या बाजूचं. उजवा भाग वरच्या धमनीवर असतो आणि लहान आतडंही तिच्यावरच. तिथे दुखणं जोरात असतं आणि शौचावाटे रक्त थोडंच जातं किंवा जातच नाही. ज्याच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, अशा माणसाचं पोट अचानक असह्य दुखू लागलं आणि हात लावून पाहिलं तर पोट मऊच, असं असेल तर वरच्या धमनीत गुठळी अडकल्याची शंका घेतात. ती मिनिटांची लढाई आहे. ‘रक्त कुठे पडलंय?’ म्हणून निर्धास्त राहायचं नाही.

दुसरी पायरी: पहिल्या दोन तासांत घरी

नाडी मोजा आणि घरी यंत्र असेल तर बीपी घ्या. दोन्ही आकडे वेळेसकट कागदावर लिहा. पुढच्या डॉक्टरांना याचा फार उपयोग होतो. नाडी 100 च्या वर, वरचं बीपी 90 च्या खाली, चक्कर, थंड घाम, बडबड किंवा गुंगी, पोट फळीसारखं कडक, हात लावू न देणं, ताप, थांबत नाही असं रक्त, कळ एकसारखी वाढत जाणं: यांतलं एकही असेल तर ओपीडीची वेळ बघू नका. महाराष्ट्रात 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा.

हॉस्पिटल निवडताना जवळचं की मोठं, असा पेच पडतो. फोनवर तीन प्रश्न विचारा: आत्ता सीटी स्कॅन होतो का, सर्जन येऊ शकतात का, आयसीयू आहे का. ‘मशीन आहे, पण रात्री टेक्निशियन नसतो’ असं उत्तर मिळालं तर पुढे चला. मात्र रुग्णाचं बीपी पडलेलं असेल तर आधी जवळच्या ठिकाणी सलाइन लावून घ्या आणि मग हलवा. कोरड्या अंगाने शंभर किलोमीटर प्रवास म्हणजे आतड्याची कपात आणखी लांबवणं.

खायला काही देऊ नका. तोंड कोरडं पडलं तर घोट-घोट पाणी चालेल. उलट्या होत असतील किंवा पोट फुगलं असेल तर तेही नको.

यात काय करायचं नाही, त्याची यादी जास्त महत्त्वाची. जुलाब बंद करायची गोळी नको, ती आतड्याची हालचाल गोठवते. पोट ‘साफ’ करायला एरंडेल, चूर्ण किंवा एनिमा अजिबात नको. डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक इंजेक्शन कंपाउंडरकडून टोचून घेऊ नका. घरात शिल्लक असलेलं अँटिबायोटिक सुरू करू नका. बीपी कमी लागत असेल तर बीपीची आणि पाण्याची पुढची गोळी डॉक्टरांना फोनवर विचारल्याशिवाय देऊ नका. जेवण बंद असताना इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी नेहमीच्या मात्रेत दिली तर साखर धोकादायक उतरते, तेही त्याच फोनवर विचारून घ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मनाने बंदही करायची नाही आणि लपवायचीही नाही. ज्याच्या हृदयात कृत्रिम झडप किंवा स्टेंट आहे त्याला ती अचानक तोडणं महागात पडू शकतं.

तिसरी पायरी: औषधांची पिशवी सोबत घ्या

माझ्या मते सगळ्या लेखातली ही सर्वांत कामाची पायरी. हे दुखणं पोटात दिसतं, पण त्याची सुरुवात पुष्कळदा औषधांच्या पिशवीत सापडते. आपण डॉक्टरांना सांगतो, “बीपीची एक पांढरी गोळी आणि एक लहान पिवळी.” पांढऱ्या गोळ्या हजार आहेत. सगळी पाकिटं, रिकामी झालेलीसुद्धा, एका पिशवीत भरून न्या. होमिओपॅथीच्या शिश्या, काढे, वजन कमी करायच्या पावडरी, सर्दीच्या गोळ्या, सगळं.

त्या पिशवीत डॉक्टर काय शोधतात? शरीरातलं पाणी काढणाऱ्या गोळ्या, म्हणजे फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड, क्लोरथॅलिडोन. नेहमीच्या दिवसांत त्या योग्यच असतात, पण जुलाब लागलेले असताना चालू ठेवल्या तर दोन्हीकडून पाणी जातं. मधुमेहात साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्यांनीही थोडं पाणी जातंच. बीपीची औषधं अलीकडे वाढवली असतील तर ती. बद्धकोष्ठ करणाऱ्या गोळ्या, विशेषतः ट्रॅमाडॉलसारख्या अफूवर्गातल्या. संधिवातासाठी रोज खाल्ली जाणारी वेदनाशामकं. अर्धशिशीसाठीच्या ट्रिप्टान आणि एरगॉट, ज्या रक्तवाहिन्या आकसतात. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिनही तेच करतं. हृदयासाठीचं डिगॉक्सिन. पाळीच्या किंवा संततिनियमनाच्या इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या. पन्नाशीच्या आतल्या बाईला हे दुखणं झालं तर हा प्रश्न विचारलाच जातो. बिसाकोडिलसारखी पोट साफ करणारी जोरदार औषधंही यादीत आहेत. आणि तरुण मुलाला असं झालं तर कोकेन किंवा अँफेटामाइन घेतलंय का, हे डॉक्टर एकांतात विचारतील. आईवडिलांनी त्या वेळी खोलीबाहेर थांबावं. खरं उत्तर मिळण्याची शक्यता त्यानेच वाढते.

औषधाने हे दुखणं होऊ शकतं याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे अलोसेट्रॉन. चिडक्या आतड्याच्या (आयबीएस) जुलाबांसाठी अमेरिकेत 2000 सालच्या फेब्रुवारीत त्याला मान्यता मिळाली, आणि इस्किमिक कोलायटिस व तीव्र बद्धकोष्ठाच्या तक्रारींमुळे त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीने ते मागे घेतलं. 2002 मध्ये कडक अटींवर ते परत आलं.

पिशवीसोबत काही प्रसंगही सांगा. गेल्या दोन-तीन दिवसांत किती जुलाब झाले, उन्हात काम केलं का, उपास होता का, डायलिसिस झालं का, त्यात बीपी पडलं होतं का, बायपास किंवा पोटातल्या मोठ्या महाधमनीचं ऑपरेशन झालंय का. महाधमनीच्या ऑपरेशनात खालच्या धमनीचा पुरवठा कधी कधी तुटतो. अशा ऑपरेशननंतर पहिल्या काही दिवसांत रक्ताचे जुलाब झाले तर वॉर्डातल्या नर्सला लगेच सांगायचं, सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. लांब पल्ला धावणाऱ्यांनीही आपलं धावणं सांगावं. मुंबई मॅरेथॉन असो की साताऱ्याची डोंगरातली, तासन्‌तास धावताना रक्त पायांच्या स्नायूंकडे वळतं आणि आतड्याचा वाटा खूप घटतो. त्यात पाणी कमी प्यालेलं आणि शर्यतीआधी वेदनाशामक गोळी घेतलेली असेल तर धडधाकट माणसालाही रक्ताचे जुलाब होतात. आणि विदर्भ, नंदुरबार भागातल्या ज्या घरांत सिकलसेल आहे त्यांनी तेही सांगावं.

चौथी पायरी: हॉस्पिटलात काय होतं

आधी सलाइन, रक्त तपासणी आणि शौचाची तपासणी. शौचात जंतू आहेत का हे बघतात. नुकतीच अँटिबायोटिक्स घेतली असतील तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जंतूची वेगळी चाचणी करतात. मग शिरेतून औषध देऊन पोटाचा सीटी. सुजलेली आतड्याची भिंत, तिच्यावर अंगठा दाबल्यासारखे उंचवटे, आजूबाजूच्या चरबीत धुरकटपणा, असं चित्र दिसतं. भिंतीत किंवा यकृताकडे जाणाऱ्या शिरेत हवा दिसली तर प्रकरण गंभीर. शिरेतून दिलेल्या या औषधामुळे, म्हणजे कॉन्ट्रास्टमुळे, किडनीला त्रास होईल अशी भीती असते, म्हणून क्रिएटिनिन आधी बघतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर सांगा. पण धमनीत गुठळीची शंका असेल तर किडनीची काळजी मागे ठेवून सीटी करतात, आणि ते बरोबर आहे.

खात्री होते ती दुर्बिणीने, म्हणजे कोलोनोस्कोपीने. ती शक्यतो पहिल्या 48 तासांत केली तर निदान स्वच्छ होतं, कारण नंतर खुणा पुसट होत जातात. हवा कमीत कमी भरून, सुजलेल्या भागापलीकडे न रेटता ती केली जाते. पोट कडक असेल तर ती करतच नाहीत. आतड्याचा तुकडा तपासायला पाठवला असेल तर त्याचा अहवाल घ्यायला विसरू नका. हा तुकडा महत्त्वाचा अशासाठी की अल्सरेटिव्ह कोलायटिस समजून स्टेरॉइड सुरू झालं तर या आजारात त्याने फायदा होत नाही, उलट आतडं फुटण्याची भीती वाढते.

किती गंभीर आहे, हे मोजायला अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या 2015 सालच्या मार्गदर्शनात काही खुणा दिल्या आहेत. पुरुष रुग्ण, वरचं बीपी 90 पेक्षा कमी, नाडी 100 पेक्षा जास्त, रक्त न पडता नुसतं पोट दुखणं, बीयूएन (रक्तातल्या युरियाचं एक माप) 20 पेक्षा जास्त, हिमोग्लोबिन 12 पेक्षा कमी, एलडीएच (पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य) 350 पेक्षा जास्त, सोडियम 136 पेक्षा कमी, पांढऱ्या पेशी 15,000 पेक्षा जास्त. यातली एकही खूण नसेल तर सौम्य, तीनपर्यंत असतील तर मध्यम, तीनाहून जास्त असतील तर गंभीर. आपल्याकडच्या बऱ्याच लॅबच्या कागदावर बीयूएनऐवजी ‘युरिया’ लिहिलेला असतो. बीयूएन 20 म्हणजे युरिया साधारण 43. पोट कडक असेल, आतडं काळं दिसलं असेल, पूर्ण मोठं आतडं किंवा फक्त उजवी बाजू बाधित असेल, तर बाकीच्या खुणा मोजायची गरजच नाही, ते गंभीर.

हे आकडे डॉक्टरांशी वाद घालायला वापरू नका. वापरायचे ते प्रश्न विचारायला: कोणती बाजू बाधित आहे? धमनीत गुठळी नाही हे नक्की झालंय का? सर्जननी रुग्ण बघितलाय का? पोट पुन्हा किती वाजता तपासणार?

पाचवी पायरी: उपचार, आणि वाट बघण्याचे दोन दिवस

तोंडाने काही द्यायचं नाही, शिरेतून पाणी द्यायचं, बीपी सावरायचं, दोषी औषध थांबवायचं. मध्यम आणि गंभीर रुग्णांना अँटिबायोटिक्स, कारण सोललेल्या अस्तरातून आतड्यातले जंतू रक्तात शिरू शकतात. पोट फुगलं तर नाकातून नळी. बीपी वर आणायला रक्तवाहिन्या आकसवणारी औषधं शक्य तितकी टाळतात, कारण त्यांनीच आतड्याचं पाणी आणखी कापलं जातं. रक्त पातळ करायचं इंजेक्शन सरसकट देत नाहीत. गुठळी किंवा अनियमित ठोके यांसारखं वेगळं कारण असेल तरच.

हे सगळं इतकं साधं असतं की नातेवाइकांना वाटतं, ‘इथे नुसतं सलाइन चाललंय, दुसरीकडे हलवू.’ यात सगळ्यात मोलाची असते ती वारंवारची तपासणी. दर काही तासांनी पोटावर हात ठेवून बघणं हाच उपचाराचा भाग. बहुतेकांचं दुखणं 24 ते 48 तासांत ओसरू लागतं. ओसरत नसेल, ताप चढत असेल, पोट ताठत असेल, लॅक्टेट (रक्त कमी पडलं की रक्तात वाढणारं आम्ल) आणि पांढऱ्या पेशी वाढत असतील, तर सर्जन पोट उघडायचं म्हणतील. मेलेला भाग कापून काढावा लागतो, आणि त्या अवस्थेत टाके घालून आतडं लगेच जोडणं धोक्याचं असल्याने आतड्याचं तोंड पोटावर काढून शौचासाठी पिशवी लावतात.

पिशवीचं नाव काढलं की घरात रडारड होते, आणि सही करायला वेळ लागतो. ‘आजींना या वयात पिशवी नको’ असं म्हणणाऱ्या मुलांना मी दोष देत नाही. पण दुसऱ्या बाजूला मेलेलं आतडं पोटात राहिलेलं असतं, आणि ते फुटेपर्यंत थांबून ऑपरेशन केलं तर शक्यता फार खालावतात. पिशवी पुष्कळदा काही महिन्यांनी बंद करता येते, सगळ्यांची येत नाही. सहीच्या आधी विचारा: ही तात्पुरती असण्याची शक्यता किती, आणि पिशवीची काळजी शिकवणारी नर्स इथे आहे का. दुसरा प्रश्न क्षुल्लक वाटेल, घरी आल्यावर तोच सर्वांत मोठा ठरतो.

सहावी पायरी: घरी आल्यावर

सौम्य आजारात अस्तर साधारण एक-दोन आठवड्यांत भरून येतं. गंभीर असेल तर महिने लागतात. पहिले काही दिवस मऊ भात, मुगाचं पातळ वरण, शिजवलेला दुधी, पचत असेल तर ताजं ताक. तिखट तर्री, कच्च्या कोशिंबिरी, मोड आलेली कडधान्यं तूर्त बाजूला. भाकरी नंतर, कुस्करून. मग हळूहळू भाज्या, फळं वाढवायची, कारण पुढचा शत्रू बद्धकोष्ठ आहे. कुंथण्यानेही आतड्याचा रक्तप्रवाह घटतो. इसबगोल घ्यायचा तर भरपूर पाण्यासोबत, आणि डॉक्टरांनी आतडं अरुंद झालं नसल्याचं सांगितल्यावरच.

‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला सगळ्यांना लागू नाही. हृदय कमजोर असेल किंवा किडनी बिघडलेली असेल त्यांना दिवसाचं माप विचारून घ्यावं लागतं. त्यांनीच पाण्याची गोळी घेतलेली असते, आणि तेच या दुखण्यात सापडतात. या दोन टोकांमधलं अंतर किती, ते हृदयाच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.

औषधांची पिशवी पुन्हा उघडा, या वेळी डॉक्टरांसमोर. कोणती गोळी कायमची बंद, कोणती कमी मात्रेत, कोणती तशीच, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. बंद केलेल्या गोळीची उरलेली पाकिटं घरात ठेवू नका. महिन्याभराने तीच सवयीने सुरू होते. तंबाखू आणि सिगारेट सोडायची, हे सांगायला नकोच.

पुढचे काही आठवडे-महिने लक्ष ठेवायचं ते अरुंदपणावर. बरं झालेलं आतडं कधी कधी व्रणाने आवळतं. जेवल्यावर पोट फुगणं, कळा, शौच बारीक होणं, मध्येच जुलाब, असं सुरू झालं तर पुन्हा दाखवा. रक्त आणि जुलाब दोन आठवड्यांपुढे चालूच राहिले तरीही दाखवा. कोलोनोस्कोपी पुन्हा कधी करायची हे डिस्चार्जच्या वेळीच विचारून तारीख घ्या. पाच वर्षांत साधारण दहांतल्या एकाला हे दुखणं पुन्हा होतं. वरचेवर झालं, किंवा तरुण वयात झालं, तर रक्त गोठण्याच्या दोषांची तपासणी करतात.

सातवी पायरी: पुढचा मे महिना येण्याआधी

दोन-तीन प्रसंग असे आहेत की त्यांची तयारी आधीच करता येते. पहिला, जुलाब-उलट्यांचा दिवस. त्या दिवशी कोणत्या गोळ्या थांबवायच्या हे तब्येत चांगली असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या, म्हणजे रात्री दोनला मेडिकलवाल्याला विचारायची वेळ येणार नाही. घरात ओआरएसची दोन-चार पाकिटं ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची, आणि पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवा. अर्ध्या पाण्यात दाट केलेलं ओआरएस अपाय करतं.

दुसरा, उपास. निर्जळी एकादशी आणि पाण्याची गोळी एकत्र जमत नाहीत. आजींना हे पटवायचं काम मुलापेक्षा कीर्तनाला सोबत जाणाऱ्या मैत्रिणीकडून जास्त चांगलं होतं, असा माझा अनुभव आहे. आषाढी वारीला पायी जाणाऱ्या बीपीच्या माणसांनीही निघण्याआधी गोळ्यांचं माप विचारून घ्यावं. दिवसाला वीस किलोमीटर चालणारं शरीर घरी बसणाऱ्या शरीरासारखं पाणी खर्च करत नाही.

तिसरा, पोट साफ करण्याची तयारी. दुसऱ्या कुठल्या कारणासाठी कोलोनोस्कोपी ठरली तर आधीचा आजार सांगा, तयारीत बिसाकोडिल आहे का विचारा, आणि जाईल तितकं पाणी भरून काढा. डायलिसिसवर असलेल्यांनी दोन फेऱ्यांमध्ये वजन फार वाढू दिलं नाही तर एका फेरीत फार पाणी ओढावं लागत नाही आणि बीपी कोसळत नाही.

शेवटी एक चिठ्ठी लिहून औषधांच्या पिशवीतच ठेवा. घरातला जो कुणी त्या रात्री जागा असेल त्याच्या हातात ती पडली पाहिजे. मजकूर एवढाच: नाव, वय. ‘यांना अमुक महिन्यात मोठ्या आतड्याच्या रक्तपुरवठ्याचा त्रास झाला होता, डावी बाजू.’ बंद केलेल्या गोळ्यांची नावं. चालू गोळ्यांची नावं आणि मात्रा. नेहमीचं बीपी किती. रक्तगट. कशाची अ‍ॅलर्जी. डॉक्टरांचा फोन, आणि रात्री सीटी होणाऱ्या हॉस्पिटलचा फोन. खाली मोठ्या अक्षरात: ‘कळ आणि रक्त एकत्र आलं तर जुलाब बंद करायची गोळी देऊ नका. लगेच निघा.’